‘बरी आहे’ म्हणायची सवय आणि डिसॅबिलिटीचं हिअरिंग

अमेरिकी सरकारच्या सोशल सिक्युरिटी खात्याच्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘स्वयंपाक करता का?’ मी लिहिलं, ‘हो, रोज.’

खरं काय होतं? पोळ्या गोठवलेल्या पाकिटातून यायच्या, भाजी नवरा चिरायचा, कुकर लेक उचलून उतरवायची आणि मी गॅसपाशी उंच स्टुलावर बसून फोडणी द्यायचे. पण घरात स्वयंपाक कोण करतं, तर मी! दुसरं उत्तर हाताला सुचलंच नाही. सात महिन्यांनी नकाराचं पत्र आलं. त्यात माझंच वाक्य मला परत मिळालं होतं: अर्जदार रोज स्वयंपाक करते.

मी न्यू जर्सीत औषधांच्या पॅकिंग लाइनवर ११ वर्षं काम केलं. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडचा आमवात, बोटांत आणि गुडघ्यांत बसला आणि मार्च २०२२ मध्ये काम सुटलं. जुलैत डिसॅबिलिटीसाठी, म्हणजे अपंगत्वामुळे काम सुटलेल्यांना सोशल सिक्युरिटीकडून दरमहा मिळणाऱ्या पैशांसाठी अर्ज केला. पहिला नकार, मग फेरविचारातही नकार आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जजसमोर हिअरिंग, म्हणजे सुनावणी. आपल्या लोकांमध्ये या विषयावर कोणी बोलत नाही. मंडळात ग्रीन कार्डाची माहिती दहाजण देतील, पण डिसॅबिलिटीचं नाव काढलं की समोरचा विषय बदलतो. म्हणून हे लिहिते आहे. मी वकील नाही. जे भोगलं आणि त्यातून जे कळलं तेवढंच इथे आहे.

१. आधी मुदत सांभाळा

नकाराचं पत्र मिळाल्यापासून अपिलाला ६० दिवस असतात. पत्र टपालाने पोचायला ५ दिवस धरतात, म्हणजे पत्रावरच्या तारखेपासून ६५. पहिल्या नकारानंतर फेरविचार मागायचा आणि तिथेही नकार आला की हिअरिंग. त्याचा फॉर्म एचए-५०१. सोबत आजाराची ताजी माहिती देणारा एसएसए-३४४१ आणि डॉक्टरांकडून कागद मागवण्याची परवानगी देणारा एसएसए-८२७. हे सगळं ऑनलाइन भरता येतं.

इथला मोठा सापळा म्हणजे ‘जाऊ दे, पुन्हा नवीन अर्ज करू.’ माझ्या नणंदेच्या शेजारणीने हेच केलं. नव्या अर्जाने जुन्या अर्जाची तारीख हातची जाते आणि तिच्याबरोबर मागच्या महिन्यांचे पैसेही. मुदत चुकलीच असेल तर उशिराचं सबळ कारण लिहून अपीलच करा. इस्पितळात होतात, पत्र भलत्या पत्त्यावर गेलं, जे असेल ते पुराव्यासकट लिहा.

आणखी एक गोष्ट, कारण ती मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. ही डिसॅबिलिटी तुमच्या इथल्या पगारातून कापलेल्या करावर मिळते. साधारणपणे ४० क्रेडिट, म्हणजे कर भरून केलेल्या कामाचे जमा झालेले गुण, लागतात आणि त्यांतली २० काम सुटण्याआधीच्या १० वर्षांतली हवीत. वय कमी असेल तर कमी क्रेडिट चालतात. भारत आणि अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीचा करार नाही, त्यामुळे पुण्यात किंवा नाशकात केलेली २० वर्षांची नोकरी इथे धरत नाहीत. काम थांबल्यावर क्रेडिटचा विमा काही वर्षांनी संपतो आणि तो संपायच्या आधी तुम्ही अपंग झालेले होतात हे दाखवावं लागतं. तुमची ती शेवटची तारीख कोणती, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

२. वकील

वकील घ्याच. आधी पैसे द्यावे लागत नाहीत. केस जिंकली तर मागच्या थकबाकीतून २५ टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांत जे कमी असेल ते वकिलाला मिळतं. ती कमाल ३० नोव्हेंबर २०२४ पासून ९,२०० डॉलर झाली. सोशल सिक्युरिटी ते पैसे परस्पर कापून वकिलाला देते. हरलात तर फी नाही. कागद मागवण्याचा खर्च मात्र वेगळा लागू शकतो, ते करारावर सही करण्याआधी विचारा.

वकील न्यू यॉर्कचा मोठा हवा असं काही नाही. तो तुमची फाइल वाचतो का आणि हिअरिंगच्या आधी तुमच्याशी निदान तासभर बोलतो का, एवढंच पाहा. माझ्या पहिल्या वकिलाच्या ऑफिसातून दर वेळी वेगळा माणूस फोन करायचा आणि मला कुठला आजार आहे इथपासून सुरुवात करायचा. मी बदलला. दुसऱ्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘तुम्ही ब्लाउजची हुकं स्वतः लावता का?’ त्यांना साडी कुठून माहीत होती देव जाणे, पण हीच ती बाई हे मला तेव्हाच कळलं.

३. जजला नेमकं काय ठरवायचं असतं

‘मी आजारी आहे’ हे सिद्ध करायला आपण जातो आणि तिथेच चूक होते. आजारी आहात हे बहुतेक वेळा त्यांनाही मान्य असतं. जज पाच प्रश्न ओळीने पाहतात.

आता कमावता आहात का? २०२५ साली अंध नसलेल्यांसाठी महिन्याला १,६२० डॉलर ही मर्यादा होती, ती दरवर्षी बदलते. त्याहून जास्त कमावत असाल तर केस तिथेच संपते. आजार गंभीर आहे का आणि निदान १२ महिने चालणारा आहे का? सोशल सिक्युरिटीच्या आजारांच्या यादीत सांगितलेल्या कसोटीत तो बसतो का? बसला तर पुढचं विचारायचं कारणच उरत नाही, पण बहुतेकांचा बसत नाही. जुनं काम आता करता येईल का? जून २०२४ पासून यासाठी मागच्या ५ वर्षांतलीच कामं पाहतात, पूर्वी १५ वर्षांतली पाहायचे. आणि शेवटचा प्रश्न, देशात दुसरं कुठलंही काम करता येईल का?

बहुतेक केसेस या शेवटच्या प्रश्नावर उभ्या राहतात किंवा पडतात. ते काम तुमच्या गावात मिळतं का, तुम्हाला कोणी कामावर घेईल का, हे पाहत नाहीत. पुरेशा संख्येने कुठेतरी आहे का, एवढंच पाहतात. त्यासाठी जज तुमच्या उरलेल्या ताकदीचं माप काढतात: किती पौंड उचलता येतं, किती वेळ उभं राहता येतं, किती वेळ बसता येतं, हात दिवसातला किती भाग चालतात. बैठं काम म्हणजे जास्तीत जास्त १० पौंड. हलकं काम म्हणजे अधूनमधून २० पौंड आणि वारंवार १० पौंड, शिवाय बहुतेक दिवस उभं राहणं.

वयाचाही हिशेब आहे. ५० पूर्ण झाल्यावर नियम बरेच सैल होतात, ५५ नंतर आणखी. पन्नाशी उलटलेला माणूस बैठ्या कामापुरताच उरला असेल आणि त्याचं जुनं काम अकुशल आणि जड असेल, तर सोशल सिक्युरिटीच्या तक्त्याप्रमाणे तो बहुधा अपंग ठरतो. हाच ४९ वर्षांचा असेल तर त्याला दुसरी बैठी कामं दाखवली जातात.

४. फाइल मागवा आणि स्वतः वाचा

तुमची सगळी फाइल जजसमोर संगणकावर असते. वकिलाला ती दिसते, वकील नसेल तर तुम्हाला मागता येते. फाइलचे भाग अक्षरांनी ओळखतात. वैद्यकीय कागद ‘एफ’ भागात असतात, म्हणजे १ एफ, २ एफ असे आकडे. तुम्ही आणि घरच्यांनी भरलेले फॉर्म ‘ई’ भागात.

माझा एफ भाग साडेसहाशे पानांचा होता. जानेवारीचे सगळे दिवस मी तो वाचला. पान उलटायला नवरा बसायचा. त्यात दिसलं की हाताच्या सर्जनचे कागद आलेच नव्हते. ते वकीलबाईंनी मागवले. दुसरं जे दिसलं त्याने मात्र कानाच्या पाळ्या तापल्या. जवळजवळ प्रत्येक भेटीच्या नोंदीत पहिली ओळ अशी: रुग्ण म्हणते, बरी आहे.

डॉक्टर खोलीत येऊन ‘कशा आहात?’ म्हणायचे, मी हसून ‘फाइन’ म्हणायचे. माणसाने विचारलं तर काय लगेच रडगाणं गायचं? मग ते तपासायचे, सूज लिहायचे, इंजेक्शन बदलायचे. पण ‘फाइन’ नोंदीत राहिलंच.

त्याच फाइलमध्ये एका नर्सने लिहिलं होतं की मी गणेशोत्सवात खूप काम करते. मी तिला मोदकांचं कौतुक सांगितलं होतं, तेवढंच. हिअरिंगला जजने हे विचारलं. वाचलं होतं म्हणून उत्तर तयार होतं: मी टेबलाशी बसून सारण भरलं, पाकळ्या जावेने पाडल्या, चार मोदकांनंतर बोटं मिटेनात, मग मी बाजूला बसून गप्पा मारल्या. जज हसल्या नाहीत, पण लिहून घेतलं.

५. डॉक्टरांकडून काय लिहून घ्यायचं

‘ही स्त्री काम करू शकत नाही’ असं पत्र डॉक्टर आनंदाने देतात. त्याला किंमत नाही. अपंग कोण, हे ठरवायचा अधिकार सोशल सिक्युरिटीने स्वतःकडे ठेवला आहे. मार्च २०१७ नंतरच्या अर्जांत तर नेहमीचे डॉक्टर म्हणून आपोआप जास्त वजन मिळणंही बंद झालं. डॉक्टरांचं मत त्यांच्याच तपासण्यांना धरून आहे का आणि बाकीच्या कागदांशी जुळतं का, हे पाहतात.

म्हणून मापं लिहून घ्या. वकिलाकडे त्याचा छापील फॉर्म असतो. एका दमात किती मिनिटं बसता येतं, आठ तासांच्या दिवसात एकूण किती तास. किती पौंड. हातांनी पकडणं आणि बोटांनी बारीक काम दिवसाच्या एक तृतीयांशापर्यंत की दोन तृतीयांशांपर्यंत. महिन्यात किती दिवस कामावर येता येणार नाही. आणि प्रत्येक मापाशेजारी कारण: अमुक एक्स-रे, अमुक सूज, अमुक रक्ततपासणी.

माझी चूक इथे झाली. डॉक्टरांनी बसणं, उभं राहणं, वजन, सगळं आकड्यांत लिहिलं. हातांच्या रकान्यात मात्र लिहिलं, ‘सहन होईल तितकं’. फॉर्म हिअरिंगच्या आधी दहा दिवस हातात आला, सगळे घाईत होते आणि कोणी ते दुरुस्त करून घेतलं नाही. ‘सहन होईल तितकं’ म्हणजे किती, ते पुढे जजने ठरवलं. त्याची किंमत शेवटी सांगते.

पुराव्याचे कागद हिअरिंगच्या निदान ५ कामकाजाच्या दिवसांआधी पोचले पाहिजेत. एखादा आलाच नसेल, तर तो कुठून यायचा आहे हे त्याच मुदतीत लेखी कळवा. नाहीतर जज तो घ्यायला नाही म्हणू शकतात. आणि गैरसोयीचा कागद लपवू नका, सगळे संबंधित कागद देणं बंधनकारक आहे.

६. दुभाषी

दुभाषी फुकट मिळतो. मागताना भाषा ‘मराठी’ असं स्पष्ट लिहा. ‘इंडियन’ म्हटलंत तर कोण येईल सांगता येत नाही. तुमचं हिंदी टीव्हीपुरतं असेल तर हिंदी दुभाष्यावर भागवू नका. हिअरिंगला घरच्या माणसाच्या दुभाषीपणावरही विसंबू नका.

मी लाइनवर ११ वर्षं इंग्रजीत बोलले, तरी दुभाषी मागितला. ‘हा बॉक्स तिकडे’ म्हणण्याचं इंग्रजी वेगळं आणि दुखणं सांगण्याचं वेगळं. आपली दुखणी तर बघा: ठणकतं, सणक जाते, कळ येते, चमक भरते, अवघडतं, बधिर होतं. एकदा डॉक्टरांकडे लेक सोबत होती. मी म्हटलं, ‘हाताला मुंग्या येतात.’ लेक इथेच जन्मलेली. तिने माझ्याकडे पाहून घाबरत विचारलं, ‘आई, खऱ्या मुंग्या?’

म्हणून अशा शब्दांची यादी करा आणि प्रत्येकापुढे साधं वर्णन लिहा. मुंग्या येतात म्हणजे टोचल्यासारखं होतं आणि मग पाच मिनिटं हातातली वस्तू कळत नाही. दुभाष्याने कुठलाही शब्द धरला तरी पाच मिनिटं तीच राहतात.

इंग्रजी येत नाही हे सांगून केस मजबूत होईल, या भ्रमात मात्र राहू नका. पूर्वी नियमात त्याला जागा होती, एप्रिल २०२० पासून नाही.

७. उत्तरांची तालीम

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. तालीम म्हणजे नाटक बसवणं नव्हे. खरं उत्तर मापात सांगायची सवय करणं. मी दोन महिने रोज एका वहीत लिहिलं: किती वाजता उठले, बोटं सुटी व्हायला किती वेळ लागला, दिवसात किती वेळा आडवी झाले, हातातून काय पडलं. वहीवरून कळलं की सकाळचा ताठरपणा मला वाटायचा ‘थोडा वेळ’, तो सव्वादोन तासांचा होता.

वजनासाठी घरातल्या वस्तू वापरा. दुधाचा एक गॅलनचा कॅन साधारण साडेआठ पौंडांचा. भारतीय दुकानातली तांदळाची मोठी पिशवी २० पौंडांची. ‘जड उचलवत नाही’ असं म्हणू नका. ‘दुधाचा कॅन दोन्ही हातांनी फ्रिजमधून ओट्यापर्यंत आणते, एका हाताने नाही’ असं म्हणा.

प्रश्न साधारण हेच येतात: दिवस कसा जातो? घरात काय करता? गाडी चालवता का? बाजारात जाता का? झोप कशी लागते? औषधांनी काय होतं? काम नेमकं का सुटलं? प्रत्येक उत्तरात चार गोष्टी असू द्या: किती करते, किती वेळात, मध्ये किती थांबते आणि नंतर काय होतं.

‘कपडे धुता का?’
‘हो.’
हे उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. पुरं असं: मशीनमध्ये कपडे लेक टाकते, बटण मी दाबते, सुकलेल्यांतले रुमाल आणि टॉवेल बसून घडी करते, चादरी करत नाही, दहा मिनिटांनी हात गरम पाण्यात धरावे लागतात.

दुखणं दहापैकी किती, हे विचारतातच. दहा म्हणजे ॲम्ब्युलन्स. तुम्ही खुर्चीत बसून दहा म्हणालात तर जजचा विश्वास उडतो. चांगल्या दिवशी किती, वाईट दिवशी किती आणि महिन्यात वाईट दिवस किती, असं सांगा. मी म्हटलं, चांगल्या दिवशी चार, वाईट दिवशी आठ, वाईट दिवस महिन्यात सात-आठ.

भारतवारीचा प्रश्न धरूनच चला. माझ्या फाइलमध्ये २०२३ ची मुंबईवारी होती, सासूबाई गेल्या तेव्हाची. जजने विचारलं, पंधराएक तासांच्या विमानात कशा बसलात? बसले नाही, हेच उत्तर होतं. विमानतळावर व्हीलचेअर घेतली, आइलची सीट घेतली, दर तासाला उठून मागच्या पडद्यापाशी उभी राहिले आणि पोचल्यावर दोन दिवस अंथरुणातून उठले नाही. दिवसकार्याला मी खुर्चीवर होते. व्हीलचेअरची नोंद असलेलं तिकीट वकीलबाईंनी आधीच फाइलला जोडलं होतं.

आणि एक, रडू आलं तर येऊ द्या. न आलं तर आणू नका.

८. सोबत काय न्यायचं, तिथे काय असतं

हिअरिंगची नोटीस निदान ७५ दिवस आधी येते. हिअरिंग फोनवर, व्हिडिओवर किंवा समोरासमोर होतं. फोन किंवा व्हिडिओ नको असेल तर त्याबद्दलच्या पत्रात ३० दिवसांची मुदत असते, ती पाळा. मी समोर जायचं ठरवलं. माझी बोटं फोनवर दिसली नसती. हिअरिंगची जागा ७५ मैलांहून लांब असेल तर जाण्यायेण्याचा खर्च मागता येतो.

सोबत असू द्या:

- फोटो असलेलं ओळखपत्र आणि हिअरिंगची नोटीस
- औषधांची यादी: नाव, मात्रा, कधीपासून, कोणत्या डॉक्टरांनी दिलं, काय त्रास होतो
- शेवटच्या सहा महिन्यांतल्या डॉक्टरभेटींच्या तारखा
- मागच्या ५ वर्षांतली कामं, प्रत्येकात किती उचलत होतात आणि किती वेळ उभं होतात
- तुमची वही
- काठी, पट्टा, स्प्लिंट, जे रोज वापरता ते. रोज वापरत नसाल तर त्या दिवशी घालू नका
- दुपारच्या औषधाची गोळी आणि पाण्याची बाटली

दारात सुरक्षारक्षक पिशवी तपासतो. खोली कोर्टासारखी भव्य नसते. माझी तर आपल्या तहसील कचेरीतल्या मीटिंगच्या खोलीएवढी होती. थोड्या उंचावर जज, समोर टेबल, टेबलावर मायक्रोफोन, कारण सगळं रेकॉर्ड होतं. लोकांना आत येऊ देत नाहीत. सरकारी वकील नसतो, तुमच्याविरुद्ध कोणी बाजू मांडत नाही. दुभाषी माझ्या वेळी फोनवर होता. शपथ देतात. मान हलवून उत्तर देऊ नका, रेकॉर्डवर मान येत नाही. आणि दुभाष्याचं पुरं झाल्याशिवाय पुढे बोलू नका.

बसवत नसेल तर विचारून उभ्या राहा. मी वीस मिनिटांनी उठले. ‘मॅडम, मला जरा उभं राहावं लागेल’ म्हटलं, जज म्हणाल्या, जरूर. सगळं मिळून ४३ मिनिटं.

९. व्होकेशनल एक्सपर्ट

शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत एक तज्ज्ञ बोलतो आणि तुमच्याविषयी बोलतच नाही असं वाटतं. जज त्याला विचारतात: समजा एक व्यक्ती आहे, अमुक वय, अमुक शिक्षण, बैठं काम करू शकते, हात दिवसाच्या दोन तृतीयांशांपर्यंत चालतात, तिला काय काम मिळेल? तज्ज्ञ नोकऱ्यांची नावं आणि देशातली संख्या सांगतो. माझ्या वेळी चष्म्याच्या फ्रेमची जोडणी करणारा कामगार हे नाव आलं. माझ्या पोटात गोळा आला. मी पुटपुटले, ‘मला तर स्क्रू दिसणारही नाही.’ वकीलबाईंनी टेबलाखालून पाय लावला.

घाबरू नका. जज असे तीन-चार प्रश्न विचारतात, प्रत्येक वेळी अट वाढवत. तीच व्यक्ती, पण हात एक तृतीयांशच चालतात. तीच, पण दिवसातला १५ टक्के वेळ कामावर लक्ष नाही. तीच, पण महिन्यात दोन दिवस गैरहजर. माझ्या तज्ज्ञाने शेवटच्या दोन्हींना ‘काम नाही’ म्हटलं, बहुतेक तज्ज्ञ तेच म्हणतात. यांतली कोणती व्यक्ती म्हणजे तुम्ही, हे जज नंतर ठरवतात आणि ते ठरतं तुमच्या मापांवरून. वहीतले सात-आठ वाईट दिवस इथे उपयोगी पडतात.

तज्ज्ञांच्या नोकऱ्या एका जुन्या सरकारी कोशातून येतात, त्याची शेवटची मोठी दुरुस्ती १९९१ ची. लिफाफ्यांवर पत्ते लिहिणारा हा कामगार अजून त्यात आहे. अशा जुनाट नोकऱ्यांच्या आधाराने नकार देण्यावर सोशल सिक्युरिटीने २०२४ मध्ये बरीच बंधनं घातली. तज्ज्ञाला उलट प्रश्न विचारायचा हक्क तुमच्या बाजूला असतो. वकील घ्याच असं म्हटलं, ते मुख्यतः या पंधरा मिनिटांसाठी.

१०. निकाल

निकाल बहुतेक वेळा त्या दिवशी सांगत नाहीत, टपालाने येतो. माझा अकरा आठवड्यांनी आला. पूर्ण बाजूने, अंशतः बाजूने किंवा विरुद्ध, असे तीन प्रकार. पहिल्या पानावर खुश होऊन पाकीट देवापुढे ठेवू नका, अपंगत्व कोणत्या तारखेपासून धरलं आहे ते शोधा.

माझा निकाल अंशतः बाजूने होता. जजने बैठं काम मानलं, पण हात दोन तृतीयांश चालतात असं धरलं, कारण डॉक्टरांनी ‘सहन होईल तितकं’ लिहिलं होतं. म्हणजे ५० पूर्ण होईपर्यंत मी चष्म्याच्या फ्रेमा जोडू शकत होते आणि पन्नासाव्या वाढदिवसापासून मी अपंग झाले. मार्च २०२२ ऐवजी नोव्हेंबर २०२३. वीस महिने गेले.

अपील करायचं का? निकालानंतरच्या ६० दिवसांत सोशल सिक्युरिटीच्याच अपील्स कौन्सिलकडे जाता येतं, त्यानंतर फेडरल कोर्टात. पण अंशतः बाजूने लागलेल्या निकालावर गेलात तर कौन्सिल पूर्ण निकाल उघडू शकते, मिळालेला भागही. वकीलबाईंनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि घरी जाऊन ठरवा म्हणाल्या. आम्ही तिघांनी रात्री चहा घेत हिशेब केला. मी थांबले. दुसरी कोणी लढली असती आणि तिचंही चुकलं नसतं.

पैसे लगेच सुरू होत नाहीत. धरलेल्या तारखेनंतरचे पूर्ण पाच महिने वगळतात. मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, पैसे सुरू झाल्यापासून २४ महिन्यांनी. आणि काही वर्षांनी, सुधारणा होऊ शकेल असा आजार असेल तर साधारण तीन वर्षांनी, फेरतपासणी येते. तेव्हा पुन्हा त्याच नोंदी वाचल्या जातात. म्हणून निकाल लागल्यावरही डॉक्टरांच्या भेटी चुकवू नका.

गेल्या महिन्यात डॉक्टर खोलीत आले, नेहमीसारखं ‘कशा आहात?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘सकाळी दोन तास बोटं मिटत नाहीत, या महिन्यात सहा दिवस अंथरुणात होते, आणि तुम्ही कसे आहात?’ त्यांनी आधी पहिले दोन आकडे टाइप केले.